खिशातला चिटणीस

1999 साली एखाद्याने इलेक्ट्रॉनिक डायरी घ्यायचे ठरवले, तर त्याच्यासमोर चार घराणी उभी होती. पहिले कॅसिओ आणि शार्पच्या डिजिटल डायऱ्यांचे. त्या कॅल्क्युलेटरच्याच दुकानात मिळत, मिटून खिशात जात आणि बटणसेलवर महिनोन्महिने चालत. दुसरे ब्रिटनच्या सायॉन कंपनीचे. त्यांच्या 'सीरिज 5'मध्ये दहा बोटांनी टाइप करता येईल असा कीबोर्ड होता. तिसरे पामचे. 'पाम फाइव्ह'चे वजन जेमतेम 115 ग्रॅम, त्याला कीबोर्डच नाही, काडीने थेट पडद्यावर लिहायचे. चौथे मायक्रोसॉफ्टच्या विंडोज सीईवर चालणाऱ्या यंत्रांचे. ती वेगवेगळ्या कंपन्या बनवत आणि त्यांतल्या काहींना रंगीत पडदा असे.

किमतीत आणि दिसण्यात जमीन-अस्मानाचे अंतर असले, तरी मूळ कामे सगळ्यांची तीच चार: माणसांचे फोन आणि पत्ते, भेटीच्या तारखा-वेळा, करायच्या कामांची यादी आणि फुटकळ टिपणे. पूर्वी दरबारात चिटणीस जे करत असे त्यातला हा घरगुती हिस्सा. मग निवड कशावरून करायची? जाहिराती मेगाहर्ट्झ सांगत, एमबी सांगत, रंग किती ते सांगत. पण वर्षभराने कोणते यंत्र खिशात राहील आणि कोणते टेबलाच्या खणात जाईल, हे त्या आकड्यांवरून कळत नसे. ते कळे तीन प्रसंगांतून. नोंद आत जाताना काय होते, सेल संपल्यावर काय होते आणि नोंद बाहेर काढायची झाली तर काय होते. आज ही चारही कामे फोनमध्ये शिरली आहेत, पण फोनमधले अॅप निवडतानाही हेच तीन प्रसंग कामाला येतात. म्हणून त्या जुन्या यंत्रांकडे एकदा नीट बघू.

कागदाशी स्पर्धा

कोणत्याही खिशातल्या यंत्राचा पहिला प्रतिस्पर्धी दुसरे यंत्र नसते, कागद असतो. कागदी डायरी एका सेकंदात उघडते, तिला सेल लागत नाही, तिच्यात कोणत्याही लिपीत लिहिता येते आणि सोसायटीत कसे यायचे त्याचा नकाशाही काढता येतो. पण तिला चार गोष्टी जमत नाहीत. वेळ झाली की ती वाजत नाही. 'दर महिन्याच्या 10 तारखेला विम्याचा हप्ता' असे एकदाच लिहून तिच्यात भागत नाही. दोन वर्षांपूर्वीची नोंद शोधायला ती पानोपान चाळावी लागते. आणि नवे वर्ष आले की फोन नंबरांची यादी पुन्हा उतरवून काढावी लागते.

शिवाय नंबर बदलतात. 2002 च्या सुमारास मुंबईचे सात आकडी दूरध्वनी क्रमांक आठ आकडी झाले, जुन्या नंबराच्या आधी 2 लागला. ज्यांच्या फोनच्या डायरीत मुंबईची पन्नास घरे होती, त्यांच्या पानांवर पन्नास ठिकाणी खाडाखोड झाली. यंत्रात नोंद दुरुस्त केली की ती जन्मतःच तशी असल्यासारखी दिसते.

यंत्राला जागा मिळवायची तर या चार गोष्टींत जिंकायचे आणि लिहिण्याच्या सोयीत कागदापेक्षा फार मागे पडायचे नाही, एवढाच त्याचा मार्ग होता. याला आणखी एक अट चिकटलेली होती. नोंदवहीवर विश्वास बसायला सगळ्या नोंदी तिच्यातच असाव्या लागतात. दंतवैद्याची वेळ यंत्रात, लग्नाची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर आणि वीजबिलाची आठवण पाकिटातल्या चिठ्ठीवर असेल, तर तीनही ठिकाणी बघावे लागते. मग यंत्र असून नसल्यासारखेच. आणि सगळे यंत्रातच जावे यासाठी प्रत्येक नोंद करण्याचा त्रास अगदी थोडा असावा लागतो. दहा सेकंदांत जी नोंद होते ती माणूस करतो. मिनिट लागणार असेल तर 'घरी गेल्यावर लिहू' म्हणतो, आणि तिथेच ती नोंद हरवते.

आत जाण्याची वाट

1984 मध्ये सायॉनने 'ऑर्गनायझर' आणला, तेव्हा त्याच्या पडद्यावर एकच ओळ होती आणि त्या ओळीत 16 अक्षरे मावत. बटणे एबीसीडी क्रमाने होती. टंकलेखन न शिकलेल्याला अक्षर क्रमाने सापडते, हा त्या रचनेचा फायदा. शार्पच्या सुरुवातीच्या 'विझर्ड'मध्येही बटणांचा हाच क्रम होता. पण ज्याची बोटे टाइपरायटरवर किंवा संगणकावर एकदा बसली, त्याला हा क्रम उलट अडखळवतो आणि तो प्रत्येक अक्षर शोधत बसतो. पुढे कंपन्या संगणकाच्या क्रमाकडे वळल्या. सायॉनच्या 1997 च्या 'सीरिज 5'मध्ये झाकण उघडताच कीबोर्ड पुढे सरके. त्यामुळे मागचा पडदा तोल सांभाळून उभा राही आणि बोटांना जागा मिळे. त्यावर लांबलचक अहवालही लिहिता येत असे. पण त्याला टेबल हवे, निदान मांडी हवी. बसथांब्यावर एका हातात पिशवी धरून नंबर टिपायचा, तर तो कीबोर्ड फारसा उपयोगी नव्हता.

मग कीबोर्ड काढूनच टाकला तर? हा विचार अॅपलने केला. कंपनीचे प्रमुख जॉन स्कली यांनी 1992 च्या जानेवारीत लास वेगासच्या प्रदर्शनात 'पर्सनल डिजिटल असिस्टंट' हे नाव जाहीरपणे वापरले, आणि पीडीए ही संज्ञा तिथून रुळली. 1993 च्या ऑगस्टमध्ये 'न्यूटन मेसेजपॅड' बाजारात आले. तुमच्या नेहमीच्या अक्षरात लिहा, यंत्र ते वाचेल, असे त्याचे आश्वासन होते. पण वाचताना ते अख्खा शब्द आपल्या शब्दकोशाशी ताडून पाही, आणि शब्दकोशातला जवळचा वाटेल तो शब्द पडद्यावर उमटवी. खरी अडचण इथे होती. नोंदवहीत माणूस लिहितो काय? माणसांची नावे, आडनावे, गल्ल्या, इमारती, औषधे. यांतले बरेचसे शब्द कोणत्याच शब्दकोशात नसतात. म्हणजे जे नोंदवायचे, नेमके तेच वाचायला यंत्र सगळ्यात कच्चे. अमेरिकी वृत्तपत्रातल्या 'डून्सबरी' या व्यंगचित्रमालिकेने काही आठवड्यांतच त्याची खिल्ली उडवली. पुढच्या आवृत्त्यांत हस्ताक्षर ओळखणे खूपच सुधारले, पण बसलेला शिक्का पुसला गेला नाही, आणि 1998 च्या फेब्रुवारीत अॅपलने न्यूटन बंद केले. शिवाय ते खिशात मावतही नव्हते.

पामचे संस्थापक जेफ हॉकिन्स यांनी प्रश्न उलटा केला. यंत्राने माणसाचे हस्ताक्षर शिकण्यापेक्षा माणसाने यंत्रासाठी थोडे शिकले तर? त्यांच्या 'ग्राफिटी' लिपीत इंग्रजी अक्षरे होती, पण जवळजवळ प्रत्येक अक्षर एकाच फटक्यात लिहायचे. 'ए' म्हणजे आडवी रेघ नसलेले नुसते छप्पर, 'एफ' म्हणजे मधली रेघ गाळलेला. काडी उचलली की अक्षर संपले. एक अक्षर कुठे संपते आणि दुसरे कुठे सुरू होते, हे हस्ताक्षर वाचतानाचे सर्वांत अवघड कोडे यामुळे उरलेच नाही. सगळी अक्षरे पडद्याखालच्या एका छोट्या चौकटीत एकावर एक लिहायची, आकडे तिच्या शेजारच्या चौकटीत. त्यामुळे 'ओ' आणि शून्य यांची गल्लतही टळली. बोरू न उचलता भराभर लिहिता यावे म्हणून आपल्याकडच्या कारकुनांनी मोडी वापरली, त्यातलाच हा व्यवहार. डोळ्यांना अक्षर थोडे परके झाले तरी चालेल, पण हात अडायला नको. ग्राफिटी बहुतेकांना एका बैठकीत जमे. नाव असो वा आडनाव, यंत्र अक्षर वाचत होते, शब्द नव्हे, त्यामुळे 'देशपांडे' लिहिले तर देशपांडेच उमटे.

1996 च्या मार्चमध्ये पामचे 'पायलट' आले. त्याच्या आकाराची गोष्ट प्रसिद्ध आहे. यंत्र तयार होण्याआधी हॉकिन्स यांनी शर्टाच्या खिशात मावेल एवढा लाकडी ठोकळा कापला आणि तो घेऊन ते वावरू लागले. कुणी भेटीची वेळ सांगितली की ठोकळा काढायचा आणि काडीने त्यावर लिहिल्याचे नाटक करायचे. तो ठोकळा आता कॅलिफोर्नियातल्या माउंटन व्ह्यू इथल्या संगणक-इतिहासाच्या संग्रहालयात आहे. लोकांना गंमत वाटावी असा हा प्रकार, पण त्यातून एक पक्की गोष्ट हाती आली. यंत्र दिवसातून अनेकदा, पण प्रत्येक वेळी काही क्षणच बाहेर येते. म्हणून पायलटवर चार कामांची चार बटणे होती. यंत्र बंद असताना त्यांतले एक दाबले, की ते सुरू होऊन थेट त्या कामाचेच पान उघडे. एखाद्या कामाला पडद्यावर किती वेळा टेकवावे लागते, हे पामचे लोक मोजत. रोज लागणारी गोष्ट एका टेकवण्यात, क्वचित लागणारी मेन्यूच्या आत. पहिल्या पायलटमध्ये फक्त 128 केबी स्मृती होती, तरी लोकांनी ते उचलले.

128 केबी म्हणजे किती, याचा हिशेब सोपा आहे. एका माणसाचे नाव, दोन नंबर आणि पत्ता मिळून शंभर अक्षरे धरली, तर हजार माणसे सुमारे 100 केबीत बसतात. हजार माणसांशी नियमित संबंध असणारे लोक विरळाच. चार मूळ कामांसाठी स्मृतीचा तुटवडा 1996 नंतर जवळजवळ कुणालाच जाणवला नसावा, पण जाहिरातीत एमबीचे आकडे चढतच राहिले.

सेल संपला की

पायलट बटण दाबताच उघडे, तर त्या काळचा टेबलावरचा संगणक सुरू व्हायला एखाद-दोन मिनिटे घेई. हा वेग प्रोसेसरचा नव्हता. पायलटचा प्रोसेसर जेमतेम 16 मेगाहर्ट्झचा होता. वेगाचे कारण स्मृतीच्या प्रकारात होते. संगणक चकतीवरून प्रणाली उचलून रॅममध्ये भरतो आणि मग कामाला लागतो. खिशातल्या यंत्रात चकतीच नव्हती. सगळ्या नोंदी कायम रॅममध्येच असत. 'बंद' म्हणजे पडदा विझलेला आणि प्रोसेसर झोपलेला, पण रॅमला विजेचा बारीकसा पुरवठा चालूच. म्हणून उठायला क्षण पुरे.

पण याच सोयीच्या पोटात धोका होता. वीज गेली की रॅम कोरी होते. सेल पूर्ण संपला तर नंबर, तारखा, टिपणे सगळेच गेले. डिजिटल डायऱ्यांत यासाठी दोन सेल असत, एक कामाचा आणि एक राखीव. दोन्ही एकाच वेळी काढू नका, अशी ताकीद माहितीपत्रकात असे. ती न वाचता हौसेने दोन्ही सेल एकदम बदलणाऱ्याला कोरी डायरी मिळे. पामच्या सुरुवातीच्या यंत्रांत दोन 'ट्रिपल ए' सेल असत. ते बदलताना आतला छोटा कपॅसिटर मिनिटभर स्मृती जिवंत ठेवी, तेवढ्यात नवे सेल बसवायचे. 'पाम फाइव्ह'मध्ये चार्ज होणारी लिथियम बॅटरी आली आणि यंत्र पातळ झाले. पण ते खणात ठेवून विसरले, तर बॅटरी उतरून नोंदी पुसल्या जाण्याची भीती कायम राहिली.

गंमत अशी, की या बाबतीत सगळ्यात भरवशाचे यंत्र पहिलेच होते. 1984 च्या सायॉन ऑर्गनायझरमध्ये नोंदी 'डेटापॅक' नावाच्या काढता-घालता येणाऱ्या छोट्या डब्यांत जात. त्यांच्या आत ईप्रॉम ही चिप होती. तिच्यात एकदा लिहिलेले विजेशिवाय टिके. पण ते पुसता येत नसे. नोंद खोडली तर यंत्र तिच्यावर 'खोडली' अशी खूण करी, जागा मात्र अडलेलीच राही. डबी भरली की ती बाहेर काढून अतिनील दिव्याखाली ठेवायची, मग सगळेच पुसून ती पुन्हा कोरी होई. कटकट खरी, पण सेल संपल्यामुळे तिच्यातली नोंद गमावण्याचा प्रश्नच नव्हता. वीज नसतानाही टिकणारी आणि सहज पुसता येणारी फ्लॅश स्मृती खिशातल्या यंत्रांत मुख्य साठा म्हणून रुळली ती 2004-05 च्या सुमारास. तोपर्यंत त्यांचा बहर ओसरत आला होता.

सेल किती टिकेल, हे पडदा आणि प्रोसेसर ठरवतात. साधा काळा-करडा पडदा बाहेरच्या उजेडावर वाचता येतो, त्याला फार थोडी वीज लागते. रंगीत पडद्याला बहुतेक वेळा स्वतःचा दिवा लागतो, आणि दिवाच सगळ्यात जास्त वीज खातो. पायलटचा 160 बाय 160 ठिपक्यांचा पडदा आणि 16 मेगाहर्ट्झचा प्रोसेसर दोन छोट्या सेलवर काही आठवडे सहज निघत. 2000 साली कॉम्पॅकने आणलेल्या 'आयपॅक'मध्ये 206 मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, 32 एमबी स्मृती आणि रंगीत पडदा होता. त्यावर गाणी ऐकता येत, चित्रे बघता येत, पण त्याला वरचेवर चार्जरला लावावे लागे. गावी जाताना चार्जर विसरणाऱ्या माणसाने यांतले कोणते घ्यावे? गाणी हवी असतील तर आयपॅक, नंबर हवे असतील तर पायलट. 2002 मध्ये पामनेच 99 डॉलरचे 'झायर' आणले. त्यात पडद्याला दिवासुद्धा नव्हता. केवळ तारखा-नंबर सांभाळायचे असलेल्यांना त्याने काहीही कमी पडत नव्हते.

बाहेर पडण्याची वाट

पायलटच्या यशाचे श्रेय बहुतेक जण ग्राफिटीला देतात. त्यातला निम्मा वाटा त्याच्या बैठकीला द्यायला हवा. यंत्रासोबत प्लास्टिकची एक बैठक येई, तिची वायर संगणकाला जोडलेली. यंत्र तिच्यात ठेवून एकच बटण दाबायचे. दोन्हीकडच्या नोंदी एकमेकांशी ताडल्या जात. यंत्रात बदललेली नोंद संगणकात जाई, संगणकात बदललेली यंत्रात येई. एकच नोंद दोन्हीकडे वेगवेगळी बदलली असेल, तर यंत्र स्वतःची अक्कल न लावता दोन्ही ठेवी आणि निवड माणसावर सोडे. याला 'हॉटसिंक' म्हणत. यामुळे दोन गोष्टी साधल्या. लांब याद्या संगणकाच्या मोठ्या कीबोर्डवर भरता येऊ लागल्या, आणि यंत्र हरवले, पडले किंवा त्याचा सेल मेला तरी कालपर्यंतची नक्कल संगणकात राहू लागली. रॅमची भीती बऱ्याच अंशी इथे मिटली.

डिजिटल डायरीलाही संगणकाशी जोडायची केबल अनेकदा मिळे, पण ती वेगळी विकत घ्यावी लागे. ज्यांनी ती घेतली नाही त्यांच्या नोंदींची दुसरी प्रत कुठेच नव्हती. दुसऱ्या टोकाला 1997 मधले 'रेक्स' हे यंत्र. ते लॅपटॉपच्या कार्डखाचेत बसेल एवढेच, जाड कार्डाच्या आकाराचे होते. त्याला पाचच बटणे होती आणि पहिल्या आवृत्तीत त्यावर काही लिहिता येतच नसे. संगणकात भरायचे आणि रेक्सवर नुसते वाचायचे. ज्याचा दिवस संगणकासमोर जातो त्याला ते पुरे. फिरतीवरच्या विक्रेत्याला त्याचा काही उपयोग नाही. यंत्र चांगले की वाईट हे अशा वेळी त्याच्याकडे बघून ठरत नाही, नोंद कुठे जन्मते यावर ठरते.

बाहेर पडण्याची आणखी एक वाट होती, दुसऱ्याच्या यंत्रात. 'पाम थ्री'पासून यंत्रांच्या डोक्याशी अवरक्त किरणांची खिडकी आली. दोघांनी यंत्रे समोरासमोर धरली, की एकाचे नाव-नंबर दुसऱ्याकडे जाई. यासाठी एक सामाईक नमुना लागतो, आणि तो 1990 च्या दशकाच्या मध्यात तयार झाला होता. त्याचे नाव 'व्ही-कार्ड'. तारखांसाठी 1998 मध्ये 'आय-कॅलेंडर' हा नमुना ठरला. हे दोन्ही आजही वापरात आहेत. फोनमधले सगळे नंबर एका फाइलमध्ये उतरवले की शेवटी 'व्हीसीएफ' अशी जी अक्षरे दिसतात, ती त्याच व्ही-कार्डची. कंपन्या गेल्या, यंत्रे भंगारात गेली, नमुना राहिला. पाम कंपनी 2010 मध्ये एचपीने 1.2 अब्ज डॉलरना विकत घेतली आणि पुढच्याच वर्षी तिची यंत्रे बनवणे थांबवले. ज्यांनी आपल्या नोंदी वेळीच व्ही-कार्डात उतरवल्या होत्या त्यांना दुसरीकडे जाणे सोपे होते. कंपनीच्या खासगी नमुन्यात नोंदी अडकलेल्यांना बरेच काही पुन्हा टाइप करावे लागले असणार.

वाघमारे 'व्ही'त की 'डब्ल्यू'त?

मराठी माणसाच्या हातात डिजिटल डायरी आली तेव्हा एक अडचण अशी होती, जी परदेशी माहितीपत्रकात सापडत नसे. डायरी रोमन अक्षरे जाणत होती. वाघमारे 'व्ही'ने लिहायचे की 'डब्ल्यू'ने? चव्हाणांच्या मध्ये 'व्ही' घालायचा की 'डब्ल्यू', आणि शेवटी 'ए' एक की दोन? नोंद करताना एक ठरवायचे आणि शोधताना दुसरे आठवायचे. डायरी पहिल्या अक्षरांवरून शोधत असल्याने वाघमारे तिच्यात असूनही सापडत नसत. यावर लोकांनी आपापले तोडगे काढले. बरेच जण नाव सोडून कामाने नोंद करत: आधी 'प्लंबर', मग शिंदे. आधी 'गॅस', मग एजन्सीचे नाव. हा तोडगा आजही उत्तम आहे. नंबर शोधताना जो शब्द आधी मनात येईल, त्याच शब्दाखाली तो ठेवावा.

देवनागरी त्या डायऱ्यांत का नव्हती? बाजारपेठ हे एक कारण, पण पडदा हे दुसरे. छोट्या यंत्रांत रोमन अक्षर साधारण पाच बाय सात ठिपक्यांत बसवत. देवनागरीला शिरोरेघेच्या वर वेलांटी आणि मात्रा, खाली उकार आणि पायमोडकी जोडाक्षरे लागतात. सात ठिपक्यांच्या उंचीत 'क्रू' आणि 'कृ' वेगळे दाखवणे केवळ अशक्य.

भारतीय भाषांसाठीच खिशातले यंत्र घडवायचा मोठा प्रयत्न बंगळुरूत झाला. 1998 मध्ये भारतीय विज्ञान संस्थेतले काही प्राध्यापक आणि एन्कोर सॉफ्टवेअर या कंपनीतले अभियंते यांनी 'सिम्प्युटर'ची कल्पना मांडली. यंत्र लिनक्सवर चालेल, भारतीय भाषांत दाखवेल आणि मजकूर वाचूनही दाखवेल, म्हणजे अक्षरओळख नसलेल्यालाही ते वापरता येईल. एकच यंत्र गावाने मिळून वापरावे आणि प्रत्येकाने आपल्या नोंदी स्वतःच्या स्मार्ट कार्डात ठेवाव्यात, ही त्यातली सगळ्यात निराळी कल्पना. 2004 मध्ये 'अमिडा सिम्प्युटर' बाजारात आला. तो अपेक्षेइतका खपला नाही. ज्या हातांसाठी तो योजला होता, त्या हातांत थोड्याच वर्षांत स्वस्त मोबाइल फोन आला.

फोनने सगळ्यांनाच संपवले, आणि त्याचे कारण साधे आहे. डायरीतला नंबर वाचून तो दुसऱ्या यंत्रावर फिरवावा लागे. फोनमध्ये नंबर जिथे ठेवला तिथूनच लागतो. नोकियाने 1996 मध्येच 'कम्युनिकेटर'मध्ये फोन आणि नोंदवही एकत्र आणली. 2002 मध्ये हॅन्डस्प्रिंगचा पामच्या प्रणालीवर चालणारा 'ट्रिओ' फोन आला, आणि 2007 मध्ये आयफोन आल्यावर वेगळी इलेक्ट्रॉनिक डायरी घेण्याचे कारण फारसे उरले नाही.

आज निवडताना

आता तीन प्रसंग आजच्या पर्यायांना लावून बघू. पर्याय साधारण तीन आहेत: फोनमधली अॅप्स, पेनाने लिहायच्या ई-इंक पाट्या आणि कागद.

आत जाण्याची वाट. अॅप निवडताना त्याच्या पन्नास सोयींची यादी बाजूला ठेवावी आणि एकच चाचणी घ्यावी. उभे राहून, एका हाताने, कुलूप लागलेल्या फोनपासून सुरुवात करून 'मंगळवारी साडेपाच, डोळ्यांचे डॉक्टर' ही नोंद करायला किती वेळ लागतो ते पाहावे. मराठीत बोलून नोंद करता येत असेल तर तेही करून पाहावे. लिपी एकच ठरवावी. निम्मी नावे देवनागरीत आणि निम्मी रोमनमध्ये असली, तर वाघमारे दोन ठिकाणी विभागले जातात. ई-इंक पाटीवर लांब टिपणे सुखाने लिहिता येतात आणि तिची बॅटरी पुष्कळ टिकते. कारण जुन्या पामप्रमाणे तिचा पडदाही मुख्यतः बाहेरच्या उजेडावर चालतो. पण ती खिशात मावत नाही आणि वेळेवर वाजण्याची अपेक्षा तिच्याकडून ठेवू नये.

सेल संपला की. फोनची स्मृती आता विजेशिवाय टिकते, नोंदी पुसल्या जात नाहीत. पण फोन बंद पडलेल्या तासात त्या दिसतही नाहीत. घरच्यांचे, डॉक्टरांचे आणि शेजाऱ्यांचे मिळून दहा नंबर कागदावर लिहून पाकिटात ठेवावेत. घरातल्या ज्येष्ठांच्या पाकिटात तर नक्कीच, आणि ठळक अक्षरात. जुन्या डायऱ्यांत खासगी नोंदींसाठी सांकेतिक शब्दाचा कप्पा असे, तो शब्द विसरला की डायरीच पुसून नव्याने सुरू करावी लागे. आजही बँकेचा पिन आणि पासवर्ड साध्या टिपणात ठेवू नयेत. त्यांच्यासाठी वेगळी, कुलपाची अॅप्स असतात.

बाहेर पडण्याची वाट. इथे आजचा सर्वांत मोठा गैरसमज आहे. खात्याशी जोडलेल्या नोंदी आपोआप सगळ्या यंत्रांवर दिसतात, म्हणून त्यांची प्रत आहेच असे वाटते. पण जुळवणी म्हणजे प्रत नव्हे. फोनमध्ये चुकून पन्नास नंबर पुसले, तर ती पुसण्याची क्रियाही इमानेइतबारे सगळीकडे जुळवली जाते. काही सेवा पुसलेले थोडे दिवस परत देतात, नंतर नाही. म्हणून तीन-चार महिन्यांतून एकदा नंबर व्हीसीएफ फाइलमध्ये आणि तारखा आय-कॅलेंडरच्या 'आयसीएस' फाइलमध्ये उतरवून दुसरीकडे ठेवाव्यात. ज्या अॅपमधून असे काही उतरवता येत नाही, ते कितीही देखणे असले तरी त्यात दहा वर्षांची टिपणे ठेवू नयेत.

आणि काहीही विकत घेण्याआधी हॉकिन्स यांच्या ठोकळ्याचा स्वस्त अवतार वापरावा. छोट्या कोऱ्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा आठवडाभर खिशात ठेवावा आणि जे टिपावेसे वाटेल ते, वाटेल तेव्हा, एका चिठ्ठीवर एक असे लिहावे. रविवारी त्यांचे ढीग लावावेत. नंबर आणि तारखांचा ढीग मोठा असेल, तर हातातला फोन पुरेसा आहे, फक्त त्यातले कॅलेंडर नीट वापरायला लागावे. आजच्या आज उरकायच्या कामांचा ढीग मोठा असेल, तर कागदासारखे दुसरे साधन नाही, संध्याकाळी ती यादी फाडून टाकण्याचे समाधानही मिळते. लांब टिपणांचा ढीग मोठा असेल, तरच पाटीच्या किंवा वेगळ्या कीबोर्डच्या किमतीकडे बघावे. आणि आठवडाभरात चिठ्ठ्या कोऱ्याच राहिल्या, तर पैसे वाचले.